गंजी

जानेवारीत मीच बरे केले होते त्याचे मासे.
अमळनेरला तेव्हा नळाचं पाणी बोटं बधिर करत होतं,
आणि गुलाब सैंदाणे दुकान अर्धं ओढून
दुधाच्या पिशवीत एक गप्पी घेऊन लॅबच्या काउंटरवर.
“दखा ना ताई, अंगवर मीठ भुरकेल शे.”

मीठच. म्हणजे मिठासारखं.
भिंगाखाली एकेका दाण्यात एकेक जीव
पोटात घोड्याचा नाल धरून
जात्यासारखा संथ फिरत होता.
मी सांगितलं : पाणी कोमट ठेवा, खडेमीठ घाला,
दाणा अंगात रुतलाय तोवर औषध त्याला शिवत नाही,
तो गळून, फुटून, नवं अंग शोधत निघतो
तेवढ्यात गाठायचं.
गुलाबने जळगावहून हीटर आणला.
मासे वाचले. माझ्या भावाची दाढी फुकट झाली.
एवढंच माझं वैद्यक.

मग मे.
दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही.
काउंटरवर अठरा रक्तं, सहा लघव्या,
उन्हाने आडव्या झालेल्यांची रांग,
आणि फोनवर गुलाब :
“तोंडले कापूस लागेल शे. पानी गरम करू का?”
नळीवरचं लेबल चिकटवता चिकटवता
मी हो म्हटलं.
जानेवारीसारखंच करा, म्हटलं.

तिसऱ्या दिवशी त्याने पेपरच्या तुकड्यावर
सात मासे ओळीने मांडले.
काही बोलला नाही.
आठवा मगात होता, दाढीच्या,
पाठीवर पांढरट खोगीर, ओठ कुरतडलेले,
कल्ले असे हलत होते
जसं कोणी जिना चढून आल्यावर बोलायचं टाळतं.

लॅब बंद झाल्यावर मी काचेच्या कडेने
त्याच्या पाठीवरचा बुळबुळीत थर जरासा उचलला.
थेंब. झाकण. भिंग.
आधी काहीच नाही.
मला थांबायची सवय आहे, मी थांबले.
मग कडेला बारीक काड्या जमू लागल्या,
एकमेकींना टेकल्या, रचल्या गेल्या,
डुलू लागल्या,
आणि बोरीकाठच्या आमच्या खळ्यातल्या
कडब्याच्या गंज्या
माझ्या डोळ्यांसमोर एका थेंबात उभ्या राहिल्या.

कापूस नव्हता. बुरशी नव्हती.
हिला ऊब आवडते.
मी हिला ऊब लिहून दिली होती.

रोजच्या छापील कागदावर मी भरलं :
नाव – गप्पी, नर.
वय – माहीत नाही.
कोणी पाठवलं – रिकामं.
खाली डॉक्टरांच्या सहीची जागा.
इतकी वर्षं मी फक्त बघते, सही त्यांची असते.
त्या रात्री ती रेघ
फार लांब दिसली.

हीटर काढला. रांजणातलं निवलेलं पाणी,
निम्मं आज, निम्मं उद्या.
बर्फ झालेली बाटली टाकीत तरंगत ठेवली,
औषधाने पाणी हळदीचं झालं.
बाहेर चव्वेचाळीस, काचेच्या आत सव्वीस.
लाइट गेली की पंप बंद,
मग गुलाब गिऱ्हाइकाला अर्ध्या फेसात सोडून
त्याच मगाने पाणी उंचावरून ओतायचा,
ओतायचा, पुन्हा भरायचा,
आणि फेसातला माणूस तक्रार न करता
बाटली वितळताना बघत बसायचा.

तीन राहिले. आठवाही त्यांत,
शेपटी अर्धी.

शाळा उघडायच्या आदल्या रविवारी
मुलाला केस कापायला नेलं.
गुलाबकडे न बघता, आरशाला म्हटलं,
ते गरम पाणी मी सांगितलं होतं.
कात्री थांबली नाही.
“माले माहीत शे,” तो म्हणाला,
मुलाची मान दोन बोटांनी जराशी वाकवली,
तुरटी फिरवली.

आरशात तो अर्ध्या शेपटीचा
डावीकडे वळला, म्हणजे उजवीकडे.

या वेळी गुलाबने पैसे घेतले.
सुटे परत दिले,
मोजून.